सतरा नंबरवरचा वाद

सुधाकर काकांचं नाव मी सगळ्यात आधी घेतो. आई-वडिलांनी वाढवलं, शाळेतल्या बाईंनी हात धरून गिरवायला शिकवलं, आणि ते उपकार मला नीट सांगता येतात. काकांनी माझ्यासाठी नेमकं काय केलं, हे मात्र अजून एका वाक्यात सांगता येत नाही. कुणी विचारलं तर मी म्हणतो, त्यांनी एका वसंतात माझ्याशी फुटबॉलवर वाद घातला. समोरचा हसतो आणि विषय तिथेच संपतो.

एप्रिल आला की अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात पाइनच्या झाडांवरून परागकणांची पिवळी पूड झडायला लागते. गाडीच्या काचेवर, टपालपेटीवर, घरामागच्या लाकडी डेकवरच्या खुर्च्यांवर, सगळीकडे. वायपर फिरवला तर काचेवर पिवळा चिखल होतो. इथले लोक शिंकतात, वैतागतात, गोळ्या घेतात. मला मात्र दरवर्षी बाबांच्या भुवया आठवतात. जिंतूरला आमची पिठाची गिरणी होती. डाळीचं पीठ दळलं की बाबांच्या भुवया अशाच पिवळ्या व्हायच्या. ज्वारी दळली की पांढऱ्या. भुवयांवरून कळायचं, आज कुणाच्या घरी काय होणार आहे ते.

डबे रांगेला लावून लोक गिरणीच्या ओट्यावर बसायचे आणि मी तिथेच पोत्यावर अभ्यास करायचो. "नाना, तुमचं पोरगं मोठं साहेब होतंय बघा," असं येणारा प्रत्येक जण म्हणायचा. दहावीला मी तालुक्यात पहिला आलो तेव्हा तर त्यांना पुरावाच मिळाला. पुढे पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो. होस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मुलाने अगदी सहज विचारलं, "तालुक्यात पहिला म्हणजे किती जणांत पहिला रे?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तो प्रश्न माझ्याबरोबर पुण्यातून निघाला आणि समुद्र ओलांडून इथवर आला.

या वर्षीही पूड झडते आहे. गेल्या आठवड्यात इथल्या मित्राने, मिलिंदने, आमच्या ग्रुपवर बातमी टाकली. "सतरा नंबरला टीमने सोडलं. काका बरोबर होते यार." खाली बऱ्याच जणांनी हात जोडलेली चित्रं टाकली. मी हात जोडले नाहीत.

सतरा नंबर म्हणजे काही वर्षांपूर्वी आमच्या जवळच्या विद्यापीठाकडून सतरा नंबरची जर्सी घालून खेळणारा वाइड रिसीव्हर. अमेरिकी फुटबॉलमध्ये हा मैदानाच्या कडेला उभा असतो. इशारा झाला की समोरच्या माणसाला चुकवून सुसाट पळायचं आणि लांबून फेकलेला बॉल पळता पळता झेलायचा, हे त्याचं काम. राज्याच्या पूर्वेला तंबाखूच्या शेतांमधलं त्याचं गाव. घरातून कॉलेजात गेलेला तो पहिलाच. पहिली दोन वर्षं तो बाकावरच होता. मग एका हंगामात असा चमकला की टीव्हीवाले त्याच्याशिवाय दुसरं बोलेनात. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतच तो जाणार, असं सगळे छातीठोकपणे सांगायला लागले.

ड्राफ्ट म्हणजे काय, ते समजायला मला इथे आल्यावर बराच काळ लागला. व्यावसायिक संघ एप्रिलच्या शेवटी कॉलेजातल्या मुलांमधून पाळीपाळीने एकेक जण निवडतात. पहिल्या संध्याकाळी पहिली फेरी, बाकीच्या फेऱ्या पुढचे दोन दिवस. पहिल्या फेरीत नाव आलेल्या मुलाकडे लोक एका नजरेने बघतात, मागाहून आलेल्याकडे दुसऱ्या. त्याआधी कित्येक आठवडे चर्चा चालते. उंची किती, वजन किती, पळतो किती वेगात, हाताचा पंजा केवढा.

"अगदी स्थळ बघतात तसं," नलू काकू म्हणायच्या. "आम्हाला चालून दाखव म्हणायचे, ह्यांना पळून दाखव म्हणतात. फरक काय?"

नलू काकू म्हणजे सुधाकर काकांची बायको. काका भूलतज्ज्ञ होते. तरुणपणीच इथे आलेले, सगळी नोकरी इथल्या इस्पितळांत केलेली आणि आता निवृत्त. शनिवारी सकाळी त्यांच्या डेकवर आम्ही पाच-सहा जण जमायचो. काकू पोह्यांची परात आणून ठेवायच्या, वर ओलं खोबरं. खुर्च्या पुसून घेतल्या तरी उठताना सगळ्यांच्या पॅन्ट मागून पिवळ्या झालेल्या असायच्या. क्रिकेट, मुलांचं कॉलेज, इथल्या घरांच्या किमती हे विषय संपले की सतरा नंबर यायचा. त्या वर्षी तर तोच पहिला यायचा.

"काका, टॉप टेन. लिहून घ्या," मिलिंद म्हणायचा. तो नागपूरचा, कुठलीही गोष्ट लिहून घ्यायला सांगायची त्याला सवय.

"कशाच्या जोरावर?"

"अहो, मागचा सीझन बघा ना. एका हाताने कॅच घेते ते पोट्टं."

"कुणासमोर घेतले? अर्ध्या मॅच कच्च्या टीमशी. आणि सीझन किती? एक."

"तुम्ही ना काका, बोर्डाच्या परीक्षकासारखे बोलता यार."

"परीक्षकच लागतो. लग्नातल्या पाहुण्यांना विचारलं तर नवरा मुलगा चांगलाच असतो." काका पोह्यातली मिरची शोधून बाजूला काढायचे. "आणि एक गोष्ट बघितलीस का? बॉल आपल्याकडे येणार नाही हे माहीत असलं की हा कसा पळतो? मॉलमध्ये फिरायला आल्यासारखा. बॉल येणार असला की वाघ. नाहीतर गोगलगाय."

यावर मी बोलायचो. एरवी त्या घोळक्यात मी ऐकणारा, पण सतरा नंबरच्या बाबतीत मला राहवायचं नाही. "काका, त्याच्या शाळेत नीट मैदान तरी होतं का? तिथून येऊन एका सीझनमध्ये एवढं केलं, ते तुम्ही मोजत नाही."

"मैदान नव्हतं म्हणून मार्क वाढवून द्यायचे?"

"वाढवून देऊ नका. पण कापू तरी नका."

"अहो, त्या मुलाने तुमचं काय घोडं मारलंय?" काकू दारातून म्हणायच्या. काका हसायचे आणि पुढचा मुद्दा काढायचे. त्यांच्याकडे मुद्दे कधी संपायचे नाहीत.

त्या मार्चमध्ये एका सकाळी व्हिडिओ कॉलवर ऑफिसातल्या आमच्या सगळ्या टीमची नोकरी गेली. बोलणारी बाई पडद्यावरून वाचत होती. मध्ये एकदा तिचा कुत्रा भुंकला, तिने सॉरी म्हटलं आणि पुढचं वाक्य वाचलं. कॉल संपल्यावर मी उठून भांडी घासली. स्वातीने, माझ्या बायकोने, विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "संपलं." तीही मग बराच वेळ ओटा पुसत राहिली.

व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की दुसरी कंपनी शोधायला त्याला ठरावीक मुदत मिळते. तेवढ्यात मिळाली तर राहायचं, नाहीतर सामान बांधायचं. हे इथे प्रत्येकाला माहीत असतं, म्हणूनच कुणी कुणाला विचारत नाही. आम्ही दोघांनी ठरवलं, काही पक्कं होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही. जिंतूरला तर नाहीच. फोनवर बाबा गिरणीच्या आवाजावरून ओरडून विचारायचे, "काम कसं चाललंय?" मीही ओरडून सांगायचो, "चाललंय." ओरडून बोलताना आवाजातलं बाकी काही कळत नाही.

त्या दिवसांत मला फार दुःख झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला काही वाटतच नव्हतं. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला असून आपला राहत नाही, तसं सगळं होतं. चहा गरम आहे हे कळायचं, चव कळायची नाही. मुलाखती द्यायचो. "तुमच्याबद्दल काही सांगा," म्हटलं की सांगायचो. ऐकताना वाटायचं, हा कुणाबद्दल बोलतोय? एकदा एका माणसाने माझ्या कॉलेजचं नाव दोनदा विचारलं आणि मग म्हणाला, "ओके." त्या ओकेमध्ये मला होस्टेलची खोली दिसली. तरीही काही वाटलं नाही.

सकाळी घरात बसवत नसे, म्हणून शर्ट घालून गावातल्या वाचनालयात जाऊन बसायचो. एका मंगळवारी अकराच्या सुमाराला खिडकीशेजारच्या टेबलावरून वर बघितलं तर समोर सुधाकर काका. हातात वर्तमानपत्र. मंगळवारी अकराला माझ्या वयाचा माणूस वाचनालयात का असतो, हे कॅरीत लहान मूलही ओळखेल.

काका म्हणाले, "दत्ता, बरा सापडलास. गाडी आणलीयस ना? मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोड. मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्याच्या आधीच्या तपासण्या. डोळ्यांत थेंब घातले की मला ड्राइव्ह करता येत नाही."

मी उठलो. एवढंच बोलणं झालं.

त्यानंतर ते दर एक-दोन दिवसांनी फोन करायचे. तपासणी, मग ऑपरेशन, मग पट्टी काढणं, मग दुसरा डोळा. मी त्यांना घ्यायला जायचो तेव्हा गॅरेजमध्ये काकूंची गाडी उभी असायची. काकू उत्तम ड्राइव्ह करायच्या, एकट्या आठ तासांवरच्या आयसेलिनच्या देशी बाजारापर्यंत जाऊन दिवाळीचं सामान आणायच्या. ती गाडी मला दिसत होती. उघड्या दारातून येऊन तिच्यावरही पूड साचत होती. मी काकांसाठी माझ्या गाडीचं दार उघडायचो.

गाडीत बसलं की पट्टा लावता लावताच काका सुरू व्हायचे.

"काल रात्री परत बघितलं. तुझा सतरा नंबर हाताने झेलत नाही, छातीवर घेतो. मोठ्या लीगमध्ये चालायचं नाही ते."

"पावसातली मॅच होती ती, काका."

"पाऊस दोन्ही टीमवर पडत होता."

"मग दुसऱ्या टीमच्या रिसीव्हरने किती सोडले तेही सांगा ना."

"त्याला कोण पहिल्या फेरीत घ्या म्हणतंय?"

असं चालायचं. सिग्नलला थांबलो की मी मुद्दे शोधत असायचो. मुलाखतीची तयारी करत नव्हतो इतकी मी काकांशी भांडायची करत होतो. घरी जाऊन जुने सामने बघायचो. स्वाती म्हणाली, "दुसरं काही सुचत नाही का तुला?" सुचत नव्हतंच. सगळं बधिर झालेलं असताना अंगातला तेवढा एक कोपरा जागा होता. तिथे सतरा नंबर पळत होता आणि काका त्याला नावं ठेवत होते.

आता हे लिहिताना खिडकीबाहेर शेजारी ड्राइव्हवेवर पाण्याचा पाइप मारतोय. पिवळं पाणी गटाराकडे जातंय. उद्या पुन्हा तेवढीच पूड असेल. तरी तो दर रविवारी धुतो.

ड्राफ्टची पहिली फेरी गुरुवारी असते, आणि गुरुवारी आमच्यातल्या निम्म्यांचा उपास. काकूंनी साबुदाण्याची खिचडी केली होती. टीव्हीसमोर सगळे ताटल्या घेऊन बसलो. सतरा नंबर त्याच्या गावी, आईच्या घरात सोफ्यावर बसलेला. नवा सूट, शेजारी आई, मागे सगळं गोत. पुढ्यातल्या टेबलावर फोन. ज्या संघाने निवडलं त्याचा त्या फोनवर कॉल येणार. कॅमेरा मधून मधून त्या खोलीत जाऊन यायचा.

एकेक नाव पुकारलं जात होतं. मिलिंदचं टॉप टेन मागे पडलं. मग विसावं नावही होऊन गेलं. कॅमेरा पुन्हा त्या खोलीत. फोन तसाच. मागचे नातेवाईक हसायचे थांबले होते. एका बाईने लहान मुलाला उचलून आत नेलं. सतरा नंबरच्या तोंडावर काहीच नव्हतं. राग नाही, भीती नाही, काहीच नाही. तो चेहरा मी रोज सकाळी दाढी करताना बघत होतो.

माझा फोन माझ्या खिशात होता. एका कंपनीच्या सगळ्या फेऱ्या झाल्या होत्या, फक्त होय की नाही एवढंच यायचं होतं. मुदत संपत आली होती. त्या खोलीतल्या कुणाला ते माहीत नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं.

"पुन्हा पुन्हा काय दाखवतात त्याला," काकू म्हणाल्या. "त्या माउलीला दोन घास खाऊ तरी द्या."

पहिल्या फेरीतलं शेवटचं नाव झालं. सतरा नंबर उरला. मिलिंद म्हणाला, "काका, जिंकलात तुम्ही. मानलं."

काकांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला. "जिंकलो कसला? उद्या दुसरी फेरी आहे. नलू, दाण्याची आमटी उरलीय का? ह्या दत्ताने काही खाल्लेलं नाही."

खरंच, माझी ताटली तशीच होती.

शुक्रवारी सतरा नंबरला घेतलं. मी घरी एकटाच, टीव्हीचा आवाज बंद करून बघत होतो. फोन वाजला, त्याने उचलला, मान हलवली. आई त्याच्या गळ्यात पडून रडली. तो नुसता बसून होता, तिच्या पाठीवर हात ठेवून.

माझा फोन त्याच्या पुढच्या आठवड्यात आला. डोळ्यांच्या दवाखान्याच्या पार्किंगमध्ये मी गाडीत बसलो होतो, काका आत. पलीकडून त्या कंपनीतली मुलगी म्हणाली, "वुई वुड लव्ह टु हॅव यू." मी थँक यू म्हटलं, स्पेलिंग सांगितलं, ईमेल सांगितला. काका काळा चष्मा लावून बाहेर आले, शेजारी बसले. मी म्हणालो, "काका, मला जॉब मिळाला."

गेला होता हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं, ते वाक्य बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

"हं," काका म्हणाले. "बरं झालं."

मग माझे दात वाजायला लागले. बाहेर एवढं ऊन, काचा तापलेल्या, आणि मला हुडहुडी भरली होती. काकांनी अंगातला तपकिरी स्वेटर काढला. काकूंनी विणलेला, कोपरावर उसवलेला. दवाखान्यातल्या एसीचा त्यांना त्रास व्हायचा म्हणून ते तो घालून जायचे. तो त्यांनी माझ्या खांद्यावर टाकला.

"घाबरू नकोस. भूल उतरताना थंडी वाजते. आमच्याकडे पेशंटला दोन-दोन ब्लँकेट घालायला लागायची." ते समोर बघत होते, त्या काळ्या चष्म्यातून. "आता थोडं दुखेलही. दुखलं की समजायचं, सगळं जागेवर आहे."

मी स्वेटर अंगाभोवती ओढून घेतला. मग ते म्हणाले, "दुसऱ्या फेरीत गेला म्हणून जास्त खूश होऊ नकोस. बॉल नसताना तो पळत नाही, हे माझं म्हणणं कायम आहे."

त्याच वर्षी दिवाळीत फराळाला गेलो होतो. काकू चकल्या पाडत होत्या, मी कागदावरून उचलून त्यांच्या हातात देत होतो. बोलता बोलता म्हणाल्या, "अरे, त्यांना तो सतरा नंबर फार आवडायचा. तुम्ही सगळे गेलात की त्याचे कॅच पुन्हा लावून बघायचे. एकदा तर टाळ्या वाजवल्या."

मी म्हणालो, "काकू, ते तर सारखे त्याच्या विरुद्ध बोलायचे."

"विरुद्ध बोलायची खोडच आहे त्यांची. ऑपरेशनच्या आधी पेशंट घाबरलेला असला की त्याला विचारायचे, तुझी टीम कोणती? तो सांगेल ती टीम कशी रद्दी आहे ते सुरू करायचे. वाद घालणारा माणूस घाबरायचं विसरतो म्हणतात. लोक भांडता भांडता झोपी जायचे रे." त्यांनी चकली तेलात सोडली. "मला म्हणाले होते, दत्ता सतरा नंबरकडून बोलतो, म्हणजे मला पलीकडे जायलाच हवं."

मागच्या ऑक्टोबरमध्ये काकू गेल्या. काकांचं कॅरीतलं घर आता विकायला काढलंय आणि ते इथून चार-पाच तासांवर ॲशबर्नला मुलीकडे, मंजिरीकडे राहतात. परवा तिच्याशी बोललो. "ही इज फाइन, मेडिकली," ती म्हणाली. "पण बाबा बोलतच नाहीत रे. काही विचारलं की 'ठीक आहे'. टीव्ही लावला तर भिंतीकडे बघतात. फोन तर उचलतच नाहीत. तू लिही ना काहीतरी. कागदावरचं अजून वाचतात ते."

म्हणून पत्र लिहिलं. काल टपालात टाकलं. पेटीच्या झाकणावर पूड होती, माझी बोटं पाकिटावर उमटली. पुसली नाहीत. ते पत्र असं:

तीर्थस्वरूप सुधाकर काका यांस,
साष्टांग नमस्कार.

कॅरीत सगळं पिवळं झालंय. तुमच्या डेकच्या खुर्च्या मी आमच्याकडे आणून ठेवल्यात, त्यांच्यावरही साचलीय.

सतरा नंबरला टीमने सोडलं, हे तुम्हाला कळलं असेल. मिलिंद म्हणतो, काका बरोबर होते. सगळ्यांनी हात जोडले. मला ते मान्य नाही. त्याला दुसरी टीम घेईल, असं माझं म्हणणं आहे. पण हात जोडून सगळे मोकळे झाले, इथे पलीकडून मुद्दे काढणारं कुणी राहिलेलं नाही. एका बाजूने वाद घालता येत नाही, काका.

त्याचे जुने सामने मी परत बघितले. बॉल येणार नसला की तो खरंच जोर लावत नाही. तेवढं तुमचं खरं. बघताना एक मनात आलं. त्या वर्षी बॉल तुमच्याकडे येणार नव्हता. तुम्हाला त्यात काही मिळायचं नव्हतं. तरी तुम्ही एका डोळ्याला पट्टी बांधून पूर्ण ताकदीने पळालात. काकूंची गाडी गॅरेजमध्ये उभी होती, ती मी बघितली होती.

तुम्ही कसे आहात, हे मी विचारणार नाही. तुम्ही मला विचारलं नव्हतं.

मला आता दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ॲशबर्नला काम निघालंय. काय काम ते विचारू नये, ही विनंती. अर्ध्या दिवसाचा रस्ता आहे, जाऊन लगेच परत फिरणं जिवावर येतं. तिथे पोचलो की पुढे गाडीत शेजारी बसायला कुणीतरी लागेल. पोहे स्वाती डब्यात देईल. मिरच्या बाजूला काढूनच आणीन. सतरा नंबरचे मुद्दे मी तयार केलेत, तुम्ही तुमचे करून ठेवा.

तुमचा तपकिरी स्वेटर माझ्याकडेच राहिला होता. कोपर स्वातीने शिवलंय. तो गाडीत पुढच्या सीटवर ठेवला आहे. लागला तर असावा.

आपला,
दत्ता